तारखेचा हिशेब

धरणालगतच्या शेंडी गावात त्या घराण्याचे किराणा-भुसाराचे दुकान तीन पिढ्यांपासून आहे. 1926 साली प्रवरेवरचे भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि त्यानंतर काही वर्षांतच आजोबांनी येथे पेढी मांडली. भात, वरई आणि हिरडा घेऊन येणारे डोंगरातले लोक हे पहिले गिऱ्हाईक. पुढे पावसाळ्यातले प्रवासी आले, काजवे पाहायला येणारे आले. दुकान वाढले, परंतु वडिलांनी घालून दिलेला एक नियम मात्र बदलला नाही. संध्याकाळी दिवा लागला की गल्ला मोजायचा, जमा-नावे मांडायचे आणि रोजमेळ मिळाल्याशिवाय कोणी जेवायला बसायचे नाही. वडील म्हणत, "आजचे देणे आज लिहावे. न लिहिलेले देणे देणारा विसरतो. घेणारा मात्र विसरत नाही."

हा रोजमेळ लिहीत असत धाकटे बंधू. त्यांचे अक्षर वळणदार होते आणि बेरीज क्वचितच चुकत असे. थोरले शेठ माल, गिऱ्हाईक आणि उधारी पाहत. धाकटे अकाली गेले, त्यानंतर चोपडी थोरल्यांच्या मुलाकडे आली आणि पुढे तीही मागे पडून संगणक आला. धाकट्यांची पत्नी मागच्या दोन खोल्यांत मुलीला घेऊन राहू लागली. शिवणयंत्रावर काम करून ती आपला खर्च भागवी. घरातून धान्य जात होते, सणावाराला कपडे जात होते, म्हणून थोरल्यांना वाटे की सारे यथास्थित चालले आहे.

वाद उभा राहिला तो रस्त्याकडच्या मोकळ्या जागेवरून. प्रवाशांची वर्दळ वाढल्याने त्या जागेचे मोल वाढले होते. थोरल्यांच्या मुलाने तेथे लॉज बांधायचे ठरवले. भावजयीने आपला हिस्सा काय, असे दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा तिला सांगण्यात आले की घरातली गोष्ट घरात पाहू. तिसऱ्यांदा तिने विचारले नाही. तालुक्याच्या न्यायालयात वाटपाचा दावा दाखल झाला आणि त्यासोबत एक अंतरिम अर्जही आला. आपल्या न्यायालयांत अशा अर्जाला बहुधा 'निशाणी 5' म्हणतात. दाव्याचा निकाल लागेपर्यंत जागा विकू नये, तिच्यावर बांधकाम करू नये, एवढीच त्यात मागणी होती.

या अर्जावर प्रतिवादीने आपले म्हणणे द्यायचे असते. ते म्हणणे सात तारखा झाल्या तरी दिले गेले नाही. पहिल्या तारखेला वकीलपत्र दाखल झाले. दुसऱ्या वेळी उतारे मिळाले नव्हते. तिसऱ्या वेळी वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात गुंतले होते. पुढच्या वेळी थोरल्यांची प्रकृती ठीक नव्हती आणि हे कारण खरेही होते. त्यानंतरची कारणे मात्र त्यांना स्वतःलाही आठवत नव्हती. थोरले खोटे बोलणारे गृहस्थ नव्हते. वकिलांनी सांगितले होते की ताबा आपला आहे, घाई समोरच्याला असते. आणि व्यापारात आयुष्य गेलेल्या माणसाला हे गणित पटले होते. एवढ्या काळात जागेची मापे घेऊन झाली आणि विटांच्या दोन गाड्या येऊन पडल्या.

सातव्या तारखेला तहकुबीचा अर्ज मंजूर झाला, पण सोबत एक अट आली. प्रतिवादीने वादीस 1,500 रुपये खर्चापोटी द्यावेत आणि ते पुढच्या तारखेसच द्यावेत, असा आदेश झाला.

थोरल्यांना तो शब्द झोंबला. गावात बातमी पसरली ती 'शेठना कोर्टाने दंड केला' अशी. रक्कम मोठी नव्हती. एका पोत्याच्या उलाढालीत ती निघून गेली असती. "सरकारात भरून टाकू," असे ते वकिलांना म्हणाले. तेव्हा वकिलांनी त्यांना समजावले की हा दंड नाही आणि तो सरकारात जात नाही. तो समोरच्या पक्षकाराचा झालेला खर्च आहे. ज्याच्यामुळे झाला, त्याने तो भरून द्यायचा, इतकाच त्याचा अर्थ.

वकिलांनी सांगितलेली बाकीची हकीकत अशी. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 35 मध्ये खर्चाचा सामान्य नियम आहे: जो हरतो, त्याने जिंकणाऱ्याचा खर्च सोसावा. पण हा हिशेब बहुतेक वेळा दाव्याच्या शेवटी होतो. मधल्या अर्जांवर अनेकदा लिहिले जाते की खर्च अंतिम निकालाप्रमाणे. दावा दहा-पंधरा वर्षे चालला तर मधल्या एखाद्या अर्जाचा खर्च तेवढीच वर्षे कागदावर राहतो. तोवर ज्याच्या खिशातून तो गेला, तो माणूस थकून गेलेला असतो. म्हणून 1976 च्या दुरुस्तीने संहितेत कलम 35ब घालण्यात आले आणि 1 फेब्रुवारी 1977 पासून ते लागू झाले. एखादा पक्षकार ठरलेल्या दिवशी करायचे काम करीत नसेल किंवा तहकुबी मागत असेल, तर न्यायालय त्याला दुसऱ्या पक्षकाराचा त्या दिवसाचा वाजवी खर्च देण्यास सांगू शकते. तो खर्च पुढच्या तारखेस देणे, ही त्याला आपला दावा किंवा बचाव पुढे चालवण्याची पूर्वअट असते.

"आणि शेवटी दावा आपण जिंकलो तर हे पंधराशे परत?" थोरल्यांनी विचारले.

"नाही शेठ. एकदा दिलेला हा खर्च शेवटच्या हुकूमनाम्यातल्या खर्चात धरायचा नसतो. दावा कोणीही जिंको, ही रक्कम त्यांची."

हे उत्तर थोरल्यांना नवे होते. दाव्यात कोण बरोबर आणि कोण चूक, हे ठरायचे होते. तारखेला न आलेले म्हणणे ही मात्र त्याहून वेगळी बाब होती आणि तिचा हिशेब त्याच दिवशी पुरा होत होता.

वकिलांनी निघताना एक कागद त्यांच्या हाती ठेवला. भावजयीने खर्चासाठी जो अर्ज दिला होता, त्याच्यासोबतच्या पत्रकाची ती प्रत होती. रात्री दुकान बंद झाल्यावर थोरल्यांनी चष्मा लावून ती उलगडली. आयुष्यभर हिशेब तपासलेल्या माणसाने जसे पाहावे तसेच त्यांनी ते पाहिले, म्हणजे चूक शोधण्याच्या नजरेने.

वर 'श्री' होता. डाव्या बाजूला तारखा, पुढे तपशील, शेवटी रकमा. सात तारखा. एसटीचे जाण्या-येण्याचे भाडे प्रत्येकी 70, एकूण 490. 2023 च्या मार्चपासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले आहे; तिने अर्ध्या तिकिटाचेच पैसे मांडले होते. शिवणकाम बंद राहिले त्याचे दिवसाला 250 प्रमाणे 1,750. टंकलेखन आणि झेरॉक्स 160. एकूण 2,400. थोरल्यांनी बेरीज दोनदा केली. ती बरोबर होती.

मग त्यांच्या लक्षात येऊ लागले ते पत्रकात नसलेले आकडे. दुपारच्या जेवणाचा खर्च नव्हता; ती घरून डबा नेत असणार. वकिलाची फी नव्हती. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो आणि तिला तो तालुका विधी सेवा समितीकडून मिळाला होता. सुटीच्या आदल्या दिवशी मुलीला शेजारी ठेवावे लागले, त्याचेही काही नव्हते. हिशेब फुगवलेला तर नव्हताच, तो कमी मांडलेला होता. बेरजेखाली दोन समांतर रेघा मारून मध्ये लहानसा ठिपका देण्याची लकबही त्यांच्या ओळखीची होती. धाकटे बंधू रोजमेळ असाच मिळवत. मागच्या खोलीत रात्री त्यांनी ते पत्नीला शिकवले असणार.

2005 साली सर्वोच्च न्यायालयाने सालेम बार असोसिएशनच्या प्रकरणात खर्चाविषयी महत्त्वाचे विवेचन केले आहे. खर्च नावापुरता नसावा, तो प्रत्यक्ष आणि वाजवी असावा; त्यात पक्षकाराचा गेलेला वेळ, प्रवास, मुक्काम, कोर्ट फी, वकिलाची फी, टंकलेखन यांचा विचार व्हावा, असे त्या निकालात आहे. शेंडीच्या त्या शिवणकाम करणाऱ्या बाईने हा निकाल वाचला नव्हता. तिने फक्त घरच्या पद्धतीने रोजमेळ लिहिला होता आणि त्यात नेमक्या याच बाबी आल्या होत्या.

पुढची तारीख आषाढातली होती. मुलगा गाडी घेऊन नाशिकला मालासाठी गेला होता, म्हणून थोरले कितीतरी वर्षांनी सकाळच्या एसटीत चढले. भावजय पुढच्या बाकावर बसलेली होती. त्या घरात थोरल्या दिराशी समोरासमोर बोलण्याची रीत नव्हती. तिने पदर सावरला आणि खिडकीकडे पाहिले. थोरले मागे जाऊन बसले. घाटमाथ्यावर पाऊस कोसळत होता. रंधा धबधब्यापाशी पाण्याचा आवाज बसमध्येही ऐकू आला. सातव्यांदा ही बाई हाच रस्ता, हेच भाडे मोजून गेली होती आणि मागच्या प्रत्येक वेळी केवळ पुढची तारीख घेऊन परतली होती, ही गोष्ट त्या प्रवासात त्यांना पहिल्यांदा नीट दिसली.

भंडारदऱ्याच्या माणसाला उशिराची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. धरणात 11 टीएमसी पाणी साठते, पण खाली ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत ते केव्हा सुटते, यावर श्रीरामपूर-राहुरीकडचे पीक ठरते. थोरल्यांचे मेहुणे तिकडेच शेती करतात. त्यांचा दर उन्हाळ्यात एकच फोन असतो, आवर्तन कधी सुटणार? पिकाला पाणी हवे तेव्हा दिलेली पाळी आणि पीक वाळल्यावर दिलेली पाळी, मोजमापाच्या वहीत दोन्ही सारखीच दिसतात, शेतात नाही. याच नदीवर खाली निळवंडे आहे. 1970 साली सुमारे आठ कोटींच्या अंदाजाने मंजूर झालेल्या त्या प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण 2023 च्या ऑक्टोबरमध्ये झाले, तेव्हा खर्च पाच हजार कोटींच्या पुढे गेला होता. त्या मधल्या वर्षांत दुष्काळी गावांतल्या किती शेतकऱ्यांची उमेद संपली, ती कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही.

न्यायालयीन खर्चाचेही असेच आहे आणि हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयात अंतरिम अर्जावरचा खर्च सहसा मूळ प्रकरण संपल्यावरच वसूल करता येतो. मात्र एखाद्या पक्षाचे वर्तन अवाजवी असेल किंवा प्रकरण लांबणार असे दिसत असेल, तर तो ताबडतोब द्यावा असा आदेश न्यायालय करू शकते. इंग्लंडमध्ये 1999 च्या नव्या नियमांनंतर छोट्या सुनावण्यांचा खर्च न्यायाधीश बहुधा तेथल्या तेथे ठरवतात आणि तो साधारणपणे 14 दिवसांत द्यावा लागतो. आपल्याकडे 2015 च्या व्यापारी न्यायालय कायद्याने व्यापारी वादांपुरते कलम 35 बदलले. खर्च द्यायचा की नाही आणि किती, यासोबत तो केव्हा द्यायचा, हेही न्यायालयाने ठरवायचे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. 'केव्हा' हा एक शब्द कायद्यात यायला बराच काळ जावा लागला.

न्यायालयात पुकारा झाला. थोरल्यांनी पाकीट वकिलांच्या हाती दिले. समोरच्या वकिलांनी ते उघडून मोजले आणि ते थोडे थांबले. आत 1,500 नव्हते, 2,400 होते. भावजयीच्या कानाशी काही बोलणे झाले. तिने मान हलवली. वकिलांनी 900 रुपये वेगळे काढून परत दिले. रक्कम मिळाल्याची पुरशीस लिहिली गेली, तिने तीवर सही केली, न्यायाधीशांनी नोंद घेतली आणि सुनावणी पुढे सरकली.

बाहेर व्हरांड्यात थोरले वकिलांना म्हणाले, "बेरीज तर 2,400 चीच होती. मी तपासली."

वकील म्हणाले, "शेठ, त्यांनी निरोप दिला आहे. भाऊजींना सांगा, कोर्टाने लिहिले तेवढे माझे. वरचे देणे असेल तर ते वाटपात द्यावे."

हे उत्तर थोरल्यांनी फार दिवस मनात ठेवले. घरातून जाणारे धान्य, सणाचे कपडे, आणि आता हे वरचे 900 रुपये, हे सारे ते आपल्या मोठेपणाच्या खात्यात मांडत आले होते. भावजयीला त्या खात्यातले काही नको होते. जे हक्काचे, ते वेळेवर मिळावे, एवढीच तिची मागणी पहिल्यापासून होती; आणि नेमके तेवढेच त्यांनी सात तारखा दिले नव्हते.

त्याच दिवशी प्रतिवादीचे म्हणणे दाखल झाले. पुढच्या तारखेस युक्तिवाद झाला आणि दाव्याच्या निकालापर्यंत त्या जागेवर बांधकाम करू नये, असा आदेश झाला. विटा तशाच पडून आहेत, त्यांवर शेवाळ धरले आहे. दावा चालू आहे. थोरल्यांनी आपल्या वकिलांना एवढेच सांगितले आहे की आपल्याकडून तहकुबीचा अर्ज आता जायला नको. मुलाला हे आवडलेले नाही आणि घरात त्यावरून बोलणेही झाले आहे.

ताबडतोब खर्च देण्याचा आदेश हे दुधारी हत्यार आहे, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. शेठकडे 1,500 रुपये होते. ज्याच्याकडे नसतील, त्याचा बचाव एवढ्या रकमेसाठी अडून राहिला तर न्यायाचेच दार बंद होईल. म्हणून रक्कम वाजवी असावी लागते, आणि पक्षकार खरोखर अडचणीत असेल तर न्यायालय मुदत वाढवून देऊ शकते. पैसे न भरल्याने तो पक्षकार पुढे काही करू शकत नाही; पण तेवढ्यावरून दावाच फेटाळायचा, असा या कलमाचा अर्थ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली स्पष्ट केले आहे. मोठ्या रकमेलाही मर्यादा आहे. एका अंतरिम मनाईवरील अपिलात दिल्लीच्या उच्च न्यायालयाने सुमारे 45 लाखांचा खर्च मंजूर केला होता. नियमांत बसत नाही म्हणून 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने तो टिकू दिला नाही. आणि त्याच वर्षी, 1977 पासून नाना अर्जांनी लांबवलेल्या एका दाव्यात, दिरंगाई करणाऱ्यांनी दोन लाखांचा खर्च सहा आठवड्यांत द्यावा, असा आदेशही त्याच न्यायालयाने दिला. दोन्ही निकालांतून एकच बोध निघतो. खर्चाचा आदेश रागाने किंवा उदारपणाने द्यायचा नसतो; झालेल्या झिजेची ती मोजून केलेली भरपाई असते.

परवा दुकानात जुने कपाट आवरताना धाकट्या बंधूंच्या हातची एक चोपडी निघाली. थोरल्यांनी ती माळ्यावर टाकू दिली नाही. नव्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी 'श्री' लिहिले आणि खाली दाव्याच्या तारखा मांडायला घेतल्या: आपल्या किती, समोरच्या किती, कोणत्या दिवशी काय झाले. शेवटच्या रकान्याला त्यांनी नाव दिले, 'आपल्यामुळे त्यांचा झालेला खर्च'. संध्याकाळी गल्ला मोजून झाला की ती वही ते एकदा उघडतात. तो रकाना सध्या रिकामा आहे आणि तो तसाच राहावा म्हणून ते प्रत्येक तारखेला सकाळच्या पहिल्या एसटीने निघतात.